अश्रूही प्रार्थनाच

कोल्हापुरात १८५२ मध्ये अमेरिकी मिशनरी रॉयल वायल्डर यांनी मिशनकार्यास प्रारंभ केला. त्यांच्या नावाचे वायल्डर मेमोरियल चर्च शहराला परिचित आहे. गुड फ्रायडेच्या दुपारी मराठी चर्चमधून येशूच्या वधस्तंभावरील सात उद्गारांवर मनन केले जाते. त्यांतील चौथा उद्गार भाविकालाही अस्वस्थ करतो. देवाने आपला त्याग का केला, असे येशू देवालाच विचारतो.

देवपुत्राच्या मुखी ही तक्रार कशी? घरात मृत्यू झाला की शोकाकुलांना 'रडू नका, देवावर विश्वास ठेवा' असे सांगण्याची रीत आहे. मग अश्रू म्हणजे विश्वासाची उणीव समजायची काय? बायबलचे उत्तर तसे नाही.

येशूचा तो उद्गार मुळात स्तोत्रसंहितेतील बाविसाव्या स्तोत्राचा आरंभ आहे. या ग्रंथात १५० स्तोत्रे असून, त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची मानली जातात. देवाला हाक, मग गाऱ्हाणे, मग याचना आणि शेवटी भरवसा, अशी त्यांची सर्वसाधारण घडण असते. ८८ वे स्तोत्र मात्र अंधारातच संपते. तरीही ते प्रार्थनाग्रंथातून वगळलेले नाही. ५६ व्या स्तोत्रात देव भक्ताचे अश्रू बुधलीत साठवतो, अशी कल्पना आहे. गाऱ्हाणे देवाजवळच मांडले जाते, म्हणून ती प्रार्थना ठरते.

लाजराच्या कबरीजवळ येशू रडला. योहानाच्या शुभवर्तमानानुसार, लाजराला आपण उठवणार हे त्याला ठाऊक होते. म्हणजे आशा असतानाही शोक करता येतो. पौलही शोक करू नका असे म्हणत नाही. आशा नसलेल्यांसारखा करू नका, एवढेच सांगतो.

महाराष्ट्रात याचे ठळक उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ च्या धर्मजागृतीत मुली प्रार्थना करताना आक्रोश करीत. ते पश्चात्तापाचे अश्रू होते. शोकाचे अश्रू रमाबाईंना त्याआधीपासूनच परिचित होते. १८७० च्या दशकातील दुष्काळात त्यांचे आई-वडील व बहीण गेली, १८८२ मध्ये पती आणि १९२१ मध्ये एकुलती कन्या मनोरमा. त्या काळातही बायबलच्या मराठी भाषांतराचे त्यांचे काम सुरूच होते. मूळ हिब्रूतील ही विलापस्तोत्रे मराठीत आणणाऱ्या रमाबाईंचे एप्रिल १९२२ मध्ये निधन झाले.

मराठी मनाला ही प्रार्थना परकी नाही. समर्थ रामदासांची करुणाष्टके घरोघरी म्हटली जातात. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्तभक्तीसाठी अभंगाचाच आश्रय घेतला. संतांच्या अभंगांत देवाशी भांडणही आहे आणि त्याच्यासाठी टाहोही आहे.

म्हणून शोकग्रस्त घरी सांत्वनाला जाणाऱ्याने उपदेशाची घाई करू नये. रडणाऱ्यांबरोबर रडा, असे पौलाने रोमकरांस लिहिले आहे. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात देव प्रत्येक अश्रू पुसून टाकील, असे अभिवचन आहे. तोवर ते अश्रू ढाळण्याची मोकळीक ख्रिस्ती प्रार्थना माणसाला देते. शब्द सुचत नसतील, तेव्हा तेवढीही प्रार्थना पुरेशी असते.