सुताची पट्टेदार थैली

मराठी भाषेने एका बाबतीत बरीच काटकसर केलेली आहे. स्वेटर विणतात, बाज विणतात, टोपली विणतात आणि लुगडेही विणतात. क्रियापद एकच. त्यामुळे दोन सुया हाती धरणारी मुलगी आणि मागावर बसणारा कारागीर एकच काम करतात, असा समज सहज होतो. माझाही तसाच होता. गेल्या उन्हाळ्यात एका थैलीने तो दूर केला.

हिवाळा सरला की आपल्याकडे विणकामाच्या सुया कपाटात जातात. एप्रिल-मे महिन्यांत लोकर हातात धरवत नाही. घामाने ती बोटांना चिकटते. सुताचे तसे नाही. सूत घाम शोषून घेते, धुतले की स्वच्छ होते आणि ओले झाले म्हणजे दुबळे होण्याऐवजी अधिक बळकट होते. २०१८ साली राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून घरोघरी थैलीची गरजही वाढली आहे. परीक्षा आटोपल्यावर मी पांढरे आणि निळे सूत आणले आणि पंधरा दिवसांत पट्ट्यापट्ट्यांची एक देखणी थैली पुरी केली.

ती घेऊन बाजारात गेले. एक मध्यम टरबूज आणि किलोभर कैऱ्या घेतल्या. घरी पोचेपर्यंत थैलीचा तळ गुडघ्याच्या खाली आला होता आणि पट्टा दोरीसारखा बारीक होऊन खांद्यात रुतला होता. शेजारचे आबाजी ओट्यावर बसले होते. त्यांचा जन्म मागावर गेलेला. ते म्हणाले, “काहून वं पोरी, थैली विणली का झुला?” मग थैली हातात घेऊन त्यांनी ती उभी-आडवी ताणून पाहिली आणि विचारले, “याले ताणा कुठी हाय?”

या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे कळले, ते येथे मांडते.

मागावरच्या कापडात सुताच्या दोन फळ्या असतात. उभे धागे आधीच घट्ट ताणून बसवलेले असतात, तो ताणा. धोट्याबरोबर आडवा जातो तो बाणा. दोन्ही धागे जवळजवळ सरळ असतात. म्हणून कापड ओढले तरी फारसे वाढत नाही. वाढायला त्याच्यात जागाच नसते. सुयांवरचे विणकाम वेगळे. तेथे एकच धागा असतो आणि तो फासात फास अडकवत पुढे जातो. प्रत्येक फास वाकलेला असतो. ओझे पडले की वाकलेला धागा सरळ होऊ पाहतो आणि विणलेला भाग लांबतो. लोकर स्वभावाने कुरळी, म्हणून ती पुन्हा मूळ जागी येते. सुतात ती लवचीकता नाही. एकदा ताणले की ताणलेलेच राहते. स्वेटरमध्ये जो गुण, तोच थैलीत दोष ठरतो.

पट्ट्यांच्या बाबतीतही हाच भेद दिसतो. मागावर उभे पट्टे हवे असतील तर ताणा लावतानाच रंगांचा हिशेब करावा लागतो. एकदा ताणा चढला की त्यात बदल नाही. आडवे पट्टे मात्र धोट्यातली कांडी बदलून हवे तेव्हा घालता येतात. सुयांवर रंग बदलून सहज पडतात ते आडवेच पट्टे. उभे हवे असतील तर थैली आडवी विणून नंतर फिरवावी लागते. मला तो मोह झाला होता. परंतु सुयांवरचे विणकाम उंचीपेक्षा रुंदीत अधिक ताणते. थैली फिरवली की ती जास्त ताणणारी बाजू नेमकी ओझ्याच्या दिशेला येते. तेव्हा पट्टे आडवेच बरे.

आता सुताविषयी. मागाच्या सुताला नंबर असतो. एका पौंडात ८४० यार्डांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्या सुताचा नंबर. २० नंबरच्या एक पौंड सुतात २० लडी, म्हणजे १६,८०० यार्ड धागा. नंबर वाढला की सूत बारीक होते. गंमत अशी की आपल्या जुन्या सुयांचाही हिशेब असाच उलटा आहे: ८ नंबरची सुई ४ मिलीमीटरची, तर १० नंबरची सव्वातीन मिलीमीटरची. मागाचे सूत एकेरी धाग्याने विणण्याजोगे नसते. दुपदरी २० नंबरचे आठ धागे एकत्र करून त्यांचा आधी गुंडा करावा, म्हणजे विणताना एखादा धागा सुईतून निसटत नाही. एका थैलीला साधारण २०० ग्रॅम सूत पुरते. रंगीत सुताचा तुकडा ओला करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावा. फडके निळे झाले तर ते सूत पांढऱ्याच्या शेजारी घेऊ नये.

सुया १० नंबरच्या घ्याव्यात. प्रथम लहानसा नमुना विणून मोजावा. माझ्या हाताने १० सेंटिमीटरांत २४ टाके आणि ३२ ओळी बसल्या. आपला हात सैल असेल तर सुई एक नंबर बारीक घ्यावी. ३५ सेंटिमीटर रुंदीसाठी ८४ आणि शिवणीसाठी दोन असे ८६ टाके घालावेत. एक ओळ सुलट, एक उलट असे विणत बारा ओळी पांढऱ्या, आठ निळ्या, हा क्रम बारा वेळा करावा. रंग नेहमी सम ओळींनंतरच बदलावा, म्हणजे दोन्ही गुंडे एकाच कडेला राहतात आणि धागा तोडावा लागत नाही.

येथे माझी पहिली चूक सांगते. बारा वेळा क्रम पुरा करून मी थांबले, तुकडा मधोमध दुमडला आणि पाहते तो दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांना भेटेनात! एका टोकाला पांढरा पट्टा, दुसऱ्या टोकाला निळा. उपाय अगदी सोपा आहे. शेवटी आणखी बारा ओळी पांढऱ्या विणाव्यात. एकूण ओळी २५२ होतात, घडी बरोबर एका पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यावर पडते आणि शिवणीपाशी पांढऱ्याला पांढरा, निळ्याला निळा मिळतो. पहिल्या आणि शेवटच्या बारा ओळी पूर्ण सुलट विणल्या, तर थैलीचे तोंड गुंडाळत नाही. थैलीची उंची सुमारे ३८ सेंटिमीटर भरते. शिवण्यापूर्वी विणलेला तुकडा एकदा धुऊन, सपाट पसरून वाळवावा. सूत आटायचे ते तेव्हाच आटते.

आणि ओझ्याचे काय? आबाजींनी तोडगा सांगितला. “बाहेरून तुझं विणकाम, अंदरून आमचं.” मांजरपाटाचे किंवा जुन्या लुगड्याचे अस्तर शिवावे, तेही थैलीपेक्षा बोटभर लहान, म्हणजे भार अस्तर उचलते आणि फासांवर ताण येत नाही. पट्टे विणूच नयेत. सुती नवारीची अरुंद पट्टी घ्यावी. ती नुसती तोंडाशी टाचू नये. एका बाजूने खाली नेऊन, तळाखालून काढून दुसऱ्या बाजूने वर आणावी आणि अस्तरावर शिवावी. दोन्ही मुठी धरून पावणेतीन मीटर पट्टी लागते. टरबूज मग त्या पट्टीवर बसते. माझी दुसरी थैली अशी आहे. ती अद्याप गुडघ्यापर्यंत आलेली नाही!

“अंदरून आमचं” या शब्दांचा अर्थ मला उशिरा उमगला. कन्हानच्या काठचे आपले खापा हे हातमागाचे जुने गाव. १८६७ साली येथे नगरपालिका झाली, तेव्हा सुती कापड विणणे हाच गावाचा मुख्य उद्योग होता. पुढे १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. गिरण्यांनी विणकराला सूत दिले आणि त्याच गिरण्यांनी स्वस्त कापड विकून त्याचे गिऱ्हाईक नेले. नंतर यंत्रमाग आले. आज एम्प्रेस मिलही बंद पडली आहे. पण हातमागाकडून गेलेले गिऱ्हाईक परत आले नाही.

माझ्या थैलीत ८६ गुणिले २५२ म्हणजे २१,६७२ टाके आहेत. मिनिटाला पंचवीस टाके धरले, तरी साडेचौदा तास होतात. एका ओळखीच्या बाईंनी ती पाहून मोठ्या कौतुकाने विचारले, “शंभर रुपयांत करून देशील?” मला मनातून राग आला. आणि लगेच आठवले, गेल्याच दिवाळीत हातमागाच्या चादरीची किंमत ऐकून मीच दुकानदाराला म्हटले होते, “इतके कसे हो?” त्या चादरीतले धागे मी कधी मोजले नव्हते.

मैत्रिणींनो, सुट्टीत ही थैली जरूर विणा. अवघड नाही. मात्र अस्तराचे कापड घ्याल, ते शक्य असेल तर हातमागाचे घ्या आणि घासाघीस करण्याआधी आपल्या थैलीचे टाके मोजा. आबाजींच्या घरचा माग आता खोलीत एका बाजूला उभा आहे आणि त्यावर धान्याची पोती ठेवलेली असतात. दुसरी थैली दाखवायला गेले, तेव्हा त्यांनी बाहेरचे पट्टे पाहिलेच नाहीत. थैली उलटी केली, अस्तर दोन बोटांत धरून उजेडाकडे नेले आणि म्हणाले, “हं. याले ताणा हाय.”