मेंदूचा पक्षाघात झालेलीं मुलें व त्यांचें घर

ज्या मुलाची मान सावरत नाहीं, हात वांकडे वळतात, आणि बोलूं जातांच ज्याच्या ओंठांवाटे शब्दाआधीं लाळ बाहेर येते, तें मूल पाहतांच आपल्यांपैकीं बहुतेकांचें मत एका क्षणांत ठरून जातें. “वेडें आहे,” असें वर्गांतील मुलें म्हणतात, “बिचाऱ्याचें जिणें तें काय!” असें वडील मंडळी म्हणते. हीं दोन्ही मतें कितपत खरीं आहेत, हें विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

इंग्रजींत ज्यास सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तो मूळचा स्नायूंचा विकार नव्हे. बिघाड असतो तो स्नायूंस हुकूम देणाऱ्या मेंदूंत. गर्भांत असतां, जन्मसमयीं, किंवा त्यानंतर लवकरच, वाढत्या मेंदूच्या एखाद्या भागास इजा होते. अपुऱ्या दिवसांचा जन्म, प्राणवायूची उणीव, आईस गरोदरपणीं झालेला एखादा संसर्ग, उपचाराविना राहिलेली अर्भकाची तीव्र कावीळ, मेंदूज्वर, अशीं कारणें पुष्कळ आहेत. कित्येकदां नेमकें कारण सांपडतच नाहीं. दर हजार जन्मांमागें सुमारें २ मुलांस हा विकार होतो. तो सांसर्गिक नाहीं, आणि मेंदूस एकदां झालेली इजा पुढें वाढतही नाहीं. मात्र मूल वाढतें, हाडें लांबतात, आणि ताठलेले स्नायू त्या मानानें लांबत नाहींत. म्हणून व्यायामाची व नियमित तपासणीची हयगय झाल्यास सांधे आंखडतात व खुबाही जागचा सरकूं शकतो.

लंडनचे शस्त्रवैद्य विल्यम जॉन लिटल यांनीं १८६१ सालीं या विकाराचा संबंध कठीण बाळंतपणाशीं जोडिला. ते स्वतः बालपणापासून एका पायानें अधू होते. पुढें १८९७ सालीं सिग्मंड फ्रॉइड यांनीं (होय, स्वप्नांचा अर्थ लावणारे तेच!) अशी शंका काढिली कीं, कित्येकदां कठीण बाळंतपण हें कारण नसून, गर्भांत आधींच झालेल्या बिघाडाचें तें लक्षण असावें. नंतरच्या संशोधनानें या शंकेस पुष्कळ बळकटी आली. आपल्याकडे अजून प्रथम दोष दिला जातो तो आईस, म्हणून हा इतिहास येथें सांगितला.

आतां बुद्धीविषयीं. सुमारें निम्म्या मुलांच्या बुद्धीस कमीअधिक बाध आलेला असतो, निम्म्यांच्या नसतो. आणि कोणतें मूल कोणत्या निम्म्यांतलें, हें चेहऱ्यावरून मुळींच ओळखतां येत नाहीं. मुंबईच्या मालिनी चिब यांचें उदाहरण पाहा. त्यांच्या मातोश्री मिठू अलूर यांनीं १९७२ सालीं मुंबईंत अशा मुलांकरितां शाळा व संस्था स्थापिली. मालिनीबाईंनीं सेंट झेवियर्स कॉलेजची पदवी घेतली, पुढें लंडनमध्यें उच्च शिक्षण घेतलें, आणि एका बोटानें अक्षरें दाबीत लिहिलेलें त्यांचें आत्मचरित्र २०११ सालीं प्रसिद्ध झालें. अर्थात् प्रत्येक मूल असें शिकेल, असें म्हणणें म्हणजे पालकांची फसवणूक होय.

परंतु न शिकणाऱ्या मुलाचें जिणें दुःखाचेंच असतें काय? युरोपांतील कित्येक देशांत ८ ते १२ वर्षांच्या अशा ५०० मुलांस खुद्द त्यांच्या जीवनाविषयीं प्रश्न विचारण्यांत आले. तो वृत्तांत २००७ सालीं प्रसिद्ध झाला. एकंदरींत त्यांचें समाधान त्यांच्या वयाच्या इतर मुलांसारखेंच आढळलें. जीं मुलें उत्तरें देऊं शकत नव्हतीं त्यांच्याविषयीं यावरून कांहीं सांगतां येत नाहीं, हें खरें. त्या शोधांतील दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्या मुलांस शारीरिक वेदना होत होत्या, त्यांचें समाधान सर्वच बाबतींत घटलेलें होतें. आणि आईबाप? थकलेले, चिंताग्रस्त आईबाप मुलाचें जीवन त्याच्या स्वतःच्या सांगण्याहून वाईट मानीत. उलट ज्यास तीव्र वेदना होत, त्याचें मात्र बरें चाललें आहे असें समजत! जवळचें माणूससुद्धां दोन्हीकडे चुकतें.

यांत आईबापांस बोल लावण्यासारखें कांहीं नाहीं. दहा वर्षांचें मूल दिवसांतून अनेक वेळां उचलावें लागतें, एकेका जेवणास तासभर लागतो, आणि घास श्वासनलिकेंत जाऊं नये म्हणून त्यास आडवें न निजवितां, मान सरळ ठेवून, बसवूनच भरवावें लागतें. कोणी बरें करण्याची हमी देऊन पैसा काढितो. घरांतील दुसरें भावंड मुकाट्यानें मोठें होतें. त्याकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. शेजाऱ्यानें एखादी संध्याकाळ मुलाजवळ बसावयाचें पत्करलें, तरी त्या माउलीस तेवढा विसावा मिळतो.

२०१६ च्या कायद्यानें ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्या मुलास ६ ते १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेंत किंवा पसंतीच्या विशेष शाळेंत मोफत शिक्षणाचा हक्क दिला आहे. “आमच्यामागें याचें कोण?” ही चिंता तर प्रत्येक घरीं असते. त्यासाठीं १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याप्रमाणें जिल्ह्यांतील स्थानिक समितीकडे अर्ज करून पालक नेमून घेतां येतो.

विद्यार्थ्यांनीं इतकें करावें: असें मूल भेटल्यास त्याच्या आईशीं न बोलतां त्याच्याशींच बोलावें, आणि उत्तर येईपर्यंत थांबावें, त्याचें वाक्य आपण पुरें करूं नये. ज्यास बोलतांच येत नाहीं त्याजकरितां चित्रांची पाटी करितां येते. मूल बोटानें, तें न जमल्यास नजरेनें, चित्र दाखवितें. पुठ्ठा, कात्री व रंग एवढ्यांत ती होते. पाणी, भूक, शौच, आई, खेळ, “होय” व “नको” हीं चित्रें तींत असावींत, आणि “दुखतें आहे” याचें चित्र घालण्यास विसरूं नये.