कोळशाला घाट केव्हा द्यावा?

नारळाच्या करवंटीचा कोळसा आपल्या परिचयाचा आहे. त्यावर तप्त वाफेची प्रक्रिया केली म्हणजे त्यात असंख्य सूक्ष्म छिद्रे पडतात, आणि तो पाण्यातील रंग व दुर्गंध शोषून घेतो. परंतु त्याची मूळ घडण झाडाने ठरविलेली असते. छिद्रे आणि घाट ही दोन्ही आपल्या इच्छेप्रमाणे असलेला कोळसा कसा करितात, हे आम्ही येथे थोडक्यात सांगू इच्छितो.

अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेतील रिचर्ड पेकाला यांनी १९८९ साली ही वाट दाखविली. रेसॉर्सिनॉल व फॉर्माल्डिहाइड ही द्रव्ये पाण्यात मिसळून, किंचित धुण्याचा सोडा घालून ऊबेत ठेविली, की रेणूंचे जाळे विणले जाते व पाणी त्यात कोंडले जाते. या थिजलेल्या पदार्थास जेल म्हणतात. खरवस ज्या भांड्यात थिजतो त्याचा आकार घेतो, तसेच जेलचेही आहे. मिश्रणाचे थेंब ढवळत्या तेलात थिजू दिले, तर गोल मणी मिळतात. जपानी संशोधकांनी तर बर्फाचाच साचा केला. जेलची नळी अतिशीत द्रवात हळूहळू बुडविली असता बर्फाचे बारीक स्तंभ वाढतात व जेल त्यांच्यामधील भिंतींत दाबले जाते. बर्फ निघून गेल्यावर मधाच्या पोळ्यासारखी रचना उरते.

खरी कसोटी पुढेच आहे. जेल नुसते वाळविले, तर आटणारे पाणी छिद्रांच्या भिंती आत ओढते व जाळे आक्रसते. म्हणून पाण्याच्या जागी दुसरा द्रव व नंतर कार्बन डायॉक्साइड भरून तो ३१ अंश सेल्सिअस व सुमारे ७३ वातावरणे दाब यांच्या वर नेतात. तेथे द्रव व वायू हा भेदच उरत नाही, आणि तो ओढ न देता बाहेर काढता येतो. शेवटी नायट्रोजन वायूत सुमारे १००० अंशांपर्यंत तापविले, की जेल न जळता कोळसा होते. लहान होते, पण घाट टिकतो. अशा एका ग्रॅम कोळशातील छिद्रांच्या भिंतींचे क्षेत्रफळ कित्येक शे चौरस मीटर भरते.

घाटाला एवढे महत्त्व का? बारीक भुकटीतून पाणी सहज वाहत नाही. मोठ्या ढेकळाच्या गाभ्यापर्यंत ते लवकर पोहोचत नाही. पोळ्यासारख्या कोळशात मात्र पाण्याला वाटही मिळते आणि पातळ भिंतीही जवळ असतात.

विद्यार्थिमित्रांनो, तयार कोळसा कापता येईल, पण तो ठिसूळ असतो, आणि त्याला नवा साचा देता येत नाही. साच्याचा विचार मिश्रण पातळ आहे तोवरच करावा लागतो.