संकेतस्थळ : स्वतः रचावे की आयते घ्यावे?

(बी. ए. द्वितीय वर्ष, येलदरी)

संकेतस्थळ काढायचे म्हटले की दोन वाटा समोर येतात. पानाची प्रत्येक ओळ आपण लिहायची, किंवा कोणीतरी तयार करून ठेवलेला सांगाडा आणून त्यात आपला मजकूर भरायचा. हा वाद संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा, कला शाखेला त्याचे काय, असे काहींना वाटेल. परंतु संकेतस्थळावर शेवटी मजकूरच असतो, आणि मजकूर हा तर आपला प्रांत आहे.

प्रथम पान म्हणजे काय ते पाहू. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये पहिले संकेतस्थळ जगापुढे ठेवले, त्याची पाने साध्या मजकुराचीच होती. मजकुरात मध्येमध्ये खुणा घालायच्या : हे शीर्षक, हा परिच्छेद, हा दुसऱ्या पानाकडे नेणारा दुवा. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. पंधरा-वीस खुणा पाठ झाल्या की साधे पान उभे राहते. विभक्तीचा तक्ता याहून अवघड आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. त्यासाठी महागडे साधनही लागत नाही. मोबाइलवरसुद्धा पान लिहिता येते.

मग लोक आयता सांगाडा का घेतात? पान एक असते तोवर ठीक. पाचशे पाने झाली, वाचकांना सभासद करून घ्यायचे झाले, त्यांचे परवलीचे शब्द सांभाळायचे झाले, की हाताने लिहिणारा थकतो. त्यातही परवलीच्या शब्दांची राखण नवशिक्याने स्वतः रचूच नये. येलदरीला पूर्णेच्या पाण्यावर वीज तयार होते, म्हणून घरोघर कोणी जनित्र बसवीत नाही. असे भाग अनेकांनी तपासलेलेच घ्यावेत.

सगळेच आपापले करू गेल्यास काय होते, हे मराठीने चांगले अनुभवले आहे. १९९०च्या दशकाच्या अखेरीस मराठी वृत्तपत्रे आंतरजालावर येऊ लागली, तेव्हा ज्याचा त्याचा फाँट निराळा होता. ‘क’ हे अक्षर एकाने एका रोमन अक्षराच्या जागी बसवलेले, तर दुसऱ्याने भलत्याच जागी. वाचकाने तो विशिष्ट फाँट आधी उतरवून घेतला नाही, तर बातमीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसे. मजकुरात शोध घेता येत नसे, एका ठिकाणचा उतारा दुसरीकडे नेता येत नसे. वास्तविक युनिकोड या सामाईक संकेतप्रणालीत १९९१ पासूनच देवनागरीला १२८ जागांचा गट मिळाला होता. पण घरोघरच्या संगणकांना तो कळू लागला तो विंडोज २००० आणि त्यासोबतचा मंगल फाँट आल्यानंतर. जुन्या फाँटांत अडकलेला मजकूर आजही रूपांतर केल्यावाचून वाचता येत नाही. अक्षरांच्या बाबतीत स्वावलंबन आपल्याला महाग पडले.

त्यानंतरचा अनुभव मात्र उत्साह देणारा आहे. मनोगत, मिसळपाव यांसारखी मराठी संकेतस्थळे ‘ड्रुपल’ या मोफत सांगाड्यावर उभी राहिली. ड्रुपल सुरू करणारा द्रीस ब्यूटार्ट हा बेल्जियममधला विद्यार्थी होता. २००१ मध्ये त्याने ते सर्वांसाठी खुले केले. पण रोमन कळफलकावरून देवनागरी उमटवण्याची सोय बेल्जियममधून कशी मिळणार? ‘गमभन’सारखे साधन मराठी माणसानेच केले, आणि ते अनेक संकेतस्थळांत जोडले गेले. जे साऱ्या जगाला लागते ते उसने आणले, जे फक्त आपल्याला लागते ते आपण घडवले. मला ही वाटणी पटते.

उसनवारीची जोखीमही सांगितली पाहिजे. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रॅमरने वादातून आपले काम सार्वजनिक भांडारातून काढून घेतले. त्यात ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा जेमतेम अकरा ओळींचा तुकडा होता : शब्दाच्या डाव्या बाजूस रिकाम्या जागा भरणे, एवढेच त्याचे काम. त्यावर विसंबलेले जगभरातील हजारो प्रकल्प काही तास अडून बसले. अकरा ओळीही लोकांनी स्वतः लिहिल्या नव्हत्या! ‘जिओसिटीज’ या मोफत सेवेवर लक्षावधी लोकांनी पाने मांडली होती; मालक असलेल्या याहूने अमेरिकेत ती २००९ मध्ये बंद केली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जेवढे वाचवता आले तेवढे वाचवले.

आणखी एक गोष्ट वजनाची. आयत्या सांगाड्यावरचे पान चित्रे आणि सजावटीसह दोन मेगाबाइटच्या पुढे सहज जाते. हा संपूर्ण लेख साध्या पानावर घातला, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट धरूनही बारा-तेरा किलोबाइटांत मावतो. पावसाळ्यात मोबाइलची एकच रेघ उरते तेव्हा हा फरक कळतो. माझ्या घरात माझ्याआधी कोणी महाविद्यालयाची पायरी चढले नाही. मी लिहिलेले घरच्यांनी वाचावे असे वाटते, आणि त्यांच्याकडे वाचायला तेवढाच एक मोबाइल आहे.

म्हणून एक सूचना करतो. आपल्या वार्षिकांकाचे जुने अंक संकेतस्थळावर आणावेत. मजकूर युनिकोडमध्ये टंकित करावा, पाने आपणच साध्या खुणांत लिहावीत, आणि सर्व फाइलींची एक प्रत ग्रंथालयाच्या संगणकावर ठेवावी. शोधाची सोय तेवढी आयती घ्यावी. उद्या ती बंद पडली तरी पाने वाचता येतील. खरे कष्ट टंकनाचे आणि मुद्रितशोधनाचे आहेत, आणि त्यासाठी मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांहून योग्य कोण? सुरुवात ज्या अंकांची एकच प्रत कपाटात उरली आहे, त्यांच्यापासून करावी.