रात्री गाव कोणाचं?

डिसेंबर 2015 मध्ये नायजेरियाचे राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांनी जाहीर केलं, की बोको हराम ही अतिरेकी संघटना तांत्रिकदृष्ट्या हरली आहे. बुहारी जुने सेनाधिकारी. 1973 मध्ये ते आपल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजात शिकून गेले होते. कडुनाची नायजेरियन डिफेन्स अकादमीही 1964 मध्ये भारतीय सेनेच्या मदतीने उभी राहिली. त्यामुळे माझ्यासारख्या निवृत्त फौजीचं तिकडे लक्ष असतंच. राष्ट्रीय रायफल्समध्ये असताना एखादा नवा अधिकारी 'गाव साफ केलं' म्हणत आला, की मी विचारायचो, "आणि रात्री गाव कोणाचं?" बुहारींनाही तेच विचारावंसं वाटलं.

त्यांचा दावा अगदीच पोकळ नव्हता. ऑगस्ट 2014 मध्ये बोको हरामने ग्वोझा शहरात 'खिलाफत' जाहीर केली होती. 2015 च्या सुरुवातीला चाड आणि नायजर मदतीला आले आणि ग्वोझासह बरीच शहरं नायजेरियाने परत घेतली. तरी आग विझली नाही, कारण ती लागली होती मैदुगुरी शहरात, 2009 मध्ये. संघटनेचा संस्थापक मोहम्मद युसूफ तेव्हा पोलिसांच्या ताब्यात असताना मारला गेला. खटला नाही, निकाल नाही. अनुयायी भूमिगत झाले आणि अबुबकर शेकाऊच्या हाताखाली कितीतरी क्रूर होऊन परतले. चिबोकच्या शाळेतून 276 मुली पळवल्या त्या यांनीच, एप्रिल 2014 मध्ये.

फौजेची अवस्थाही बिकट होती. हत्यारं पुरेशी नाहीत म्हणून लढायला नकार देणाऱ्या 54 जवानांना डिसेंबर 2014 मध्ये मृत्युदंड सुनावला गेला. पुढे तो दहा वर्षांच्या कैदेवर आला. वर्षभरातच शस्त्रखरेदीचे सुमारे 210 कोटी डॉलर इतरत्र वळवल्याचे आरोप बाहेर आले. असं ऐकल्यावर कोणता जवान जीव पणाला लावेल?

एक गोष्ट मात्र जमली होती. 2013 मध्ये मैदुगुरीतली पोरं काठ्या-कोयते घेऊन फौजेसोबत निघाली. आपल्या गल्लीत कोण कोणाचा, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या खबरीवर शहर बऱ्यापैकी मोकळं झालं.

पण शहराबाहेर फौजेच्या छोट्या चौक्या एकामागून एक लुटल्या जाऊ लागल्या. नोव्हेंबर 2018 मध्ये मेतेले इथल्या तळावर कित्येक जवान मारले गेले. मग 2019 मध्ये फौज मोठ्या, तटबंद 'सुपर कॅम्पां'त गोळा झाली. जवान वाचवायचे म्हणून मीही कदाचित हेच केलं असतं. पण गावं उघडी पडली आणि किंमत शेतकऱ्यांनी मोजली. नोव्हेंबर 2020 मध्ये झाबरमारीच्या भातशेतात चाळीसहून अधिक मजुरांचे गळे चिरले गेले.

मोकळ्या सोडलेल्या मुलखात बोको हराममधून 2016 मध्ये फुटून निघालेल्या 'इस्वाप' गटाने बस्तान बसवलं. चाड सरोवराच्या बेटांवर तो मासेमारांकडून, गुराख्यांकडून कर घेतो, तंटे सोडवतो. मे 2021 मध्ये शेकाऊ मेला तोही याच गटाच्या हल्ल्यात. त्यानंतर हजारोंनी शरणागती पत्करली, तरी इस्वाप टिकून राहिला.

फौज फार तर सवड मिळवून देते. त्या सवडीत तिथे न्यायाधीश, शिक्षक आणि हिशोबाचा पक्का कारभार पोचायला हवा. तो पोचला का, हे मारलेल्या अतिरेक्यांच्या आकड्यावरून कळत नाही. शेतकरी तळापासून किती लांब पेरायला जातो आणि चोरी झाली तर तक्रार कोणाकडे नेतो, ते विचारावं.