लाकूड कुजते म्हणजे काय होते?

गेल्या पावसाळ्यात आमच्या घराची एक तुळई उतरवावी लागली. सुतार म्हणाला, "मास्तरसाहेब, वाळवी लागली." आम्ही तुकडा हाती घेऊन पाहिला. मातीच्या नळ्या नव्हत्या, पोखरल्याची खूण नव्हती. लाकूड फिकट, हलके होऊन त्याचे रेषेरेषेने तंतू सुटत होते. हे काम वाळवीचे नव्हे, बुरशीचे.

बुरशी म्हटली की शिळ्या भाकरीवरची लव आठवते. पण लाकूड खाणाऱ्या बुरशीचे कुळ फार मोठे आहे. पावसानंतर असीरगडाच्या बाजूच्या रानात पडलेले ओंडके पाहावेत. कोठे शायझोफायलमचे करडे-पांढरे चिमुकले पंखे दाटीने असतात, कोठे ट्रॅमेटीसच्या वलयांकित पातळ चकत्या. जिवंत झाडाच्या बुंध्याशी लाखेसारखी चकचकीत गॅनोडर्मा दिसते. आणि डाल्डिनिया तर कोळशाचे गोळेच! वर दिसते ते केवळ फळ. खरी बुरशी धाग्यांच्या रूपाने आत पसरलेली असते.

लाकडात सेल्युलोजचे तंतू असतात व लिग्निन त्यांना घट्ट बांधून ठेवते. काही जाती सेल्युलोज खातात. मग उरलेले लाकूड तपकिरी होऊन चौकोनी ढेकळांत फुटते. दुसऱ्या जाती लिग्निनही पचवतात. ही विद्या फार थोड्या जीवांना साधली आहे. ती नसती तर रानातली मेलेली खोडे मातीला मिळण्यास किती काळ लागला असता!

वखारीत मात्र हीच विद्या नुकसानीची. सालईचे लाकूड, ज्यावर 1956 साली सुरू झालेल्या नेपानगरच्या कागद कारखान्याची भिस्त होती, ओले पडून राहिले की लवकर बिघडते. सागाच्या गाभ्यात बुरशीला न मानवणारी द्रव्ये असतात, म्हणून तो टिकतो. पण त्याच सागाचा सालीलगतचा फिकट भाग तसा नव्हे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. आम्हांसही नव्हते. तुळई सागाची म्हणून आम्ही निर्धास्त होतो. भिंतीत गेलेले तिचे टोक नेमके त्या फिकट भागाचे निघाले, आणि वरचे कवेलू दोन वर्षे फुटलेले!

लाकडातला ओलावा शेकडा 20 च्या आत राहिला तर बुरशीचे काही चालत नाही. नवी तुळई आम्ही अशा थप्पीतून घेतली, जी जमिनीपासून उचलून, मध्ये पट्ट्या घालून वाळवलेली होती. कवेलू मात्र आधी बदलले.