वाघ आल्याचं गावाला कळवणारा भोंगा: स्वस्तातला अॅम्प्लिफायर निवडताना काय बघायचं?

मोहर्ली म्हटलं की ताडोबाचं गेट, जिप्सी आणि इरई धरणाचं पाणी आठवतं. पण बफरमधल्या गावांसाठी वाघ हा रोजचा शेजारी आहे. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला लोक पहाटेच जंगलात शिरतात. मोहर्ली परिसरातल्या सीतारामपेठमध्ये २०२३ मध्ये वाघ ओळखणारे एआय कॅमेरे बसले. पण मोबाइल घरी ठेवून शेतात गेलेल्या माणसाला इशारा कसा कळणार? त्यासाठी ग्रामपंचायतीचा भोंगाच लागतो.

दुकानात पहिला सल्ला मिळतो, "जास्त वॅटचा घ्या." पैसे वाया जातात ते इथेच. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतका. उलट मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल कमी होतात. साधा बॉक्स स्पीकर १ वॅटवर, १ मीटर अंतरावर साधारण ९० डेसिबल देतो. कर्णा देतो १०५ च्या आसपास. हा १५ डेसिबलचा फरक वॅटने भरून काढायचा तर सुमारे ३० पट ताकद लागेल! म्हणून खर्च चांगल्या कर्ण्यावर करा. लहान गावाला ४० ते ६० वॅटचा अॅम्प्लिफायर बहुतेक वेळा पुरतो. वॅट मात्र 'आरएमएस' बघा. खोक्यावरचा हजारातला 'पीएमपीओ' आकडा निव्वळ जाहिरात.

लाइट नेमकी वादळात जाते. त्यामुळे १२ व्होल्ट बॅटरीवरही चालणारा अॅम्प्लिफायरच घ्या. नावेवरच्या स्पीकरलाही हेच लागू. बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवाच.

कर्णे लांबलांब असतील तर '१०० व्होल्ट लाइन'वर जोडा आणि प्रत्येक कर्ण्याला लाइन ट्रान्सफॉर्मर लावा. नाहीतर बरीच ताकद पातळ तारेतच जिरते.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे, पण सार्वजनिक आपत्कालीन परिस्थितीला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत सूट आहे. वाढदिवसाची गाणी त्यात बसत नाहीत. शिवाय दिवसभर कोकलणाऱ्या भोंग्याकडे लोक लक्ष देणं सोडतात.

जोडणी झाली की एकाने शेवटच्या घरापलीकडे, बांधावर उभं राहून ऐकावं. नुसता आवाज येतो की शब्दही कळतात? कळत नसतील तर आधी बास कमी करा, मग आवाज वाढवा.